छापील स्वखुशी

सकाळी साडेनऊला छापखानेवाली बाई अक्षरांच्या खिळ्यांच्या खणांवरची धूळ झटकत होती, तेवढ्यात तिचा दीर फाईल घेऊन आत आला. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून छापखाना तीच चालवत होती. त्याआधीही अर्धा तीच चालवायची, पण ते कोणी हिशेबात धरत नसे.

"वहिनी, परवान्याची मुदत संपतेय. चला, उरकून टाकू. मी सगळं बघून ठेवलंय, तुम्ही फक्त सही करायची."

'फक्त' हा शब्द ऐकला की तिचे कान टवकारायचे. तरीही तिने हात पुसले आणि निघाली.

प्रांत सरकारला स्वतःचा म्हणावा असा पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो: घरादारांवरचा कर आणि धंद्यांचे परवाने. त्यामुळे महसूल कचेरीत पैसे घेणाऱ्या खिडक्या चार होत्या आणि ऐकून घेणारी एकही नव्हती. तिसऱ्या खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करताच एक कागद पुढे सरकवला.

"इथे सही करा."

छापलेला कागद हातात आला की ती आधी चुका शोधायची. सवयीने वाचू लागली. 'मी खाली सही करणारी, मृत परवानाधारकाची विधवा, स्वखुशीने लिहून देते की, परवाना व जागेची करनोंद श्री. ........ यांच्या नावे करावी. यापुढे त्यावर माझा कोणताही हक्क राहणार नाही.' रिकाम्या जागेत दिराचं नाव आधीच भरलेलं होतं.

'स्वखुशीने'मधल्या 'ख'चा कोपरा तुटका होता. तो खिळा तिच्या ओळखीचा होता. हा कागद तिच्याच छापखान्यातला! आठ वर्षं गठ्ठेच्या गठ्ठे छापून तिने कचेरीत पोचवले होते, आणि वेलांट्या-उकारांपलीकडे काही वाचलं नव्हतं. किती बायकांची खुशी आपण आधीच छापून ठेवली! तिला स्वतःची लाज वाटली. मग राग आला, आणि तो टिकला.

"भाऊजी, ही मुदतवाढ नाही. हे हक्कसोडपत्र आहे."

"अहो, पद्धत आहे ती! पुरुषाचं नाव असलं की कामं पटापट होतात. छापखाना तुमचाच आहे."

"माझाच आहे, तर माझ्याच नावावर राहू दे की."

कारकुनाने आता मान वर केली. "बाई, विधवेचं नाव लावत नाहीत."

"लावत नाहीत, की लावता येत नाही?"

"नियम आहे."

"कितवा?"

"आहे तो! रांग अडवू नका."

"साहेब, तुमच्या नियमांचं पुस्तक आमच्याकडेच छापलंय. नियम चौदा. परवानाधारक मृत झाल्यास परवाना व करनोंद सर्वांआधी पत्नीच्या नावे करावी. 'पत्नी'ची वेलांटी चुकली होती, म्हणून ते पान मी दोनदा छापलं. काढा पुस्तक."

पुस्तक कपाटाच्या आखूड पायाखाली निघालं. त्याची कडेला जोडलेली पानंसुद्धा अजून फाडून सुटी केलेली नव्हती. तिने कारकुनाचीच पट्टी घेतली, पानं सुटी केली आणि नियम चौदावर बोट ठेवलं.

दिराचा आवाज चढला. "घराची अब्रू चव्हाट्यावर आणताय! आईला काय तोंड दाखवू? पुन्हा घरात पाऊल ठेवायचं नाही, सांगून ठेवतो."

"माझी खुशी फाईलमध्ये घालून आणलीत, तेव्हा कुठे होती अब्रू? आणि घराचं म्हणाल, तर त्याचा कर दर वर्षी कोण भरतं, ते यांनाच विचारा." ती कारकुनाकडे वळली. "अर्ज घ्या, नाहीतर नकार लेखी द्या."

लेखी म्हटल्यावर कारकुनाचा हात शिक्क्याकडे गेला. अर्ज दाखल झाला. दीर तिची वाट न पाहता तरातरा निघून गेला.

रांगेत मागे उभ्या असलेल्या बेकरीवाल्याच्या विधवेच्या हातातही तोच कागद होता. तिने हळूच विचारलं, "ताई, कितवा नियम म्हणालात?"

"चौदा. सही करू नका. आधी माझ्याकडे या."

ती छापखान्यात परतली, तर त्याच हक्कसोडपत्राचा खिळ्यांत जुळवून दोऱ्याने बांधलेला मजकूर यंत्राशेजारी तयार होता. खिळे जुळवणारे काका म्हणाले, "वहिनी, कचेरीची दोन हजारांची ऑर्डर आलीये."

तिने दोरा सोडला. ओळी विस्कटल्या.

"अहो, हे काय! बांधलेलं गिऱ्हाईक आहे. दुसरीकडे जाईल."

"जाऊ दे. काका, मोठा टाईप काढा आणि नियम चौदा जुळवा. कचेरीच्या दाराशी, रस्त्यावर उभी राहून वाटणार आहे मी."

काका एकेक खिळा खणात परत टाकू लागले. तुटक्या 'ख'पाशी त्यांचा हात थांबला. "हा शब्द आठ वर्षं असाच बांधलेला होता. ठेवू का तसाच?"

"नको, मोडा," ती म्हणाली. "ज्या बाईची खुशी असेल, ती स्वतःच्या हाताने लिहील."