कॅल्डरची पाटी

हार्मन स्टेट कॉलेजात अमेरिकन फुटबॉलच्या मुलांच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर दर मोसमात लाकडी पाट्या लागतात. एकेका पाटीवर एकेका प्रतिस्पर्ध्याचं नाव. सामना जिंकला की कर्णधार ती पाटी उलटी करतो, तोंड भिंतीकडे. हरलो तर पाटी मोसमभर आपल्याकडे बघत राहते, येता-जाता खिजवत. यंदा डिसेंबरातल्या त्या रविवारी सगळ्या पाट्या पाठमोऱ्या होत्या. एकच सुलट होती, कॅल्डरची. आणि कॅल्डरशी तर सामना झालाच नव्हता.

ती रूबेन क्रेबिलने मुद्दाम ठेवली होती. रूबेन संघाचा कर्णधार. वाकून चेंडू मागे द्यायचा आणि पुढच्या फळीच्या मधोमध उभं राहून मार खायचा, हे त्याचं काम. पाट्या रंगवायची त्याची आई लोइस. ती शाळेची बस चालवते, पण हात चित्रकाराचा. कॅन्ससमधल्या त्या कॉलेजगावातल्या निम्म्या दुकानांची नावं तिनेच रंगवलेली आहेत.

मागच्या हिवाळ्यात दक्षिणेतल्या एका बड्या कॉलेजाने रूबेनला मागणी घातली होती. हल्ली मुलं मनात आलं की कॉलेज बदलतात, त्यात कोणी वावगं मानत नाही. ते कळताच कोच ओस्ट्रँडर स्वतः क्रेबिलांच्या घरी आले. लोइसने चिली, म्हणजे मांस-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे गोड रोल वाढले. कोचनी रोल चिलीत बुडवला आणि बोलायला सुरुवात केली.

"आपल्या गटातली कॉलेजं म्हणजे भाऊबंद, रूबेन. जन्माने वाट्याला येतात. त्यांना कितीही लोळवलं तरी अजिंक्यपदासाठी संघ निवडणारी समिती भुलत नाही. ती विचारते, गटाबाहेर कोणाला अंगावर घेतलंत? कारण ते तुमचं तुम्ही ठरवता. म्हणून सप्टेंबरात मी कॅल्डर घेतलंय. त्यांच्या मैदानावर."

लोइसच्या हातातला डाव थांबला. "कॅल्डर? कोच, ते देशात पहिल्या पाचात असतात. माझ्या पोराची हाडं गोळा करायला मी येऊ का बस घेऊन?"

"तुमचा पोरगा राहिला तर आपण जिंकू, लोइस. माझा शब्द आहे."

माणूस आपल्या घरी बसून, आपल्या ताटात जेवून शब्द देतो तेव्हा तो खरा मानायची रीत आहे. रूबेनने मानला. वर फळीतल्या बाकी मुलांनाही थोपवलं. डावीकडे खेळणाऱ्या अबेल ऑर्नेलासची तर बॅग भरून तयार होती. रूबेन त्याच्या गाडीत जाऊन बसला आणि उतरेचना. "कॅल्डरला त्यांच्या अंगणात आडवं करायचंय," तो म्हणाला. "तू नसलास तर मी काय एकट्याने करू?" अबेल शिव्या देत राहिला, पण राहिला.

लोइसने त्या वर्षीची पहिली पाटी कॅल्डरची रंगवली, आणि जरा जास्तच जीव लावून.

वसंतात एके दिवशी सरावानंतर कोचनी सगळ्यांना गोल बसवलं. "कॅल्डरने माघार घेतली," ते म्हणाले. "घाबरले, पोरांनो."

पोरं खदखदून हसली. गावात 'कॅल्डर घाबरलं' असे शर्ट निघाले, न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांनी घातले. कॅल्डरच्या जागी लूपटन नावाचं एक चिमुकलं कॉलेज आलं, त्याला त्रेसष्ट-शून्यने धुतलं. गटाबाहेरचे बाकीचे सामनेही त्याच मापाचे. रूबेनला अधूनमधून खटकायचं, पण जिंकणाऱ्याला कोण विचारतो? मैदानावर जाताना प्रत्येक जण कॅल्डरच्या पाटीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "भित्री भागूबाई." पहिली थाप कोचची असायची. सगळ्यात जोरात तीच वाजायची.

आणि मग तो रविवार. चर्चमधून सगळे तसेच कॉलेजच्या हॉलमध्ये आले. लोइसने चिलीचं पातेलं आणि रोलच्या परातीच्या पराती आणल्या. समिती देशाच्या अजिंक्यपदासाठी बारा संघ निवडणार होती, आणि हार्मन स्टेट एकही सामना न हरता तिथे बसलं होतं. आनंदाने उड्या मारणारी पोरं टिपायला टीव्हीवाला कॅमेरा रोखून उभा होता. रूबेन कोचच्या शेजारी पुढच्या रांगेत होता.

एकेक नाव येत गेलं. कॅल्डर चौथं आलं तेव्हा पोरांनी हुर्यो केली. अकरावं आलं. बारावं आलं. हार्मन नव्हतं. तीन सामने हरलेला एक संघ आत होता.

समितीचे अध्यक्ष पडद्यावर म्हणाले, "त्यांच्या विक्रमाबद्दल आदर आहे. पण गटाबाहेर त्यांनी निवडलेले प्रतिस्पर्धी फारच दुबळे होते." ओसाड गावी एरंड बळी, हेच त्यांनी टाय लावून सांगितलं.

"मग कॅल्डर पळालं त्याला आम्ही काय करायचं?" अबेल मागून ओरडला.

पडद्यावरच्या निवेदकालाही तेच सुचलं असावं. कॅल्डरचे कोच मुलाखतीला आले तेव्हा त्याने विचारलं, "हार्मनशी तुमचा सामना ठरला होता ना? तुम्ही का टाळलात?"

"आम्ही?" तो म्हातारा गोंधळला. "नाही हो. आम्ही तयार होतो. फोन त्यांच्या कोचचा आला. या वर्षी सोडा म्हणाले, म्हणून सोडलं."

रूबेनने शेजारी पाहिलं. तो वाट बघत होता की कोच आता म्हणतील, खोटं बोलतोय थेरडा. त्याने तर ते मानायचीही तयारी ठेवली होती. ओस्ट्रँडर चिलीच्या वाटीत चमचा फिरवत राहिले. कॅमेऱ्याने तेही टिपलं.

रूबेन त्यांच्या मागोमाग ऑफिसात गेला.

"दार लाव," कोच म्हणाले.

"उघडं राहू दे. केला होता फोन?"

"केला. सप्टेंबरातच हरलो असतो तर पुढचा सगळा मोसम वाया गेला असता. एकही हार नसली तर समिती आपल्याला डावलू शकणार नाही, असा माझा हिशेब होता. चुकला. पण केलं ते तुमच्यासाठीच."

"आमच्यासाठी." रूबेनचा आवाज चढला नाही. "माझ्या आईच्या टेबलावर बसून तुम्ही जिंकू म्हणालात. तेव्हा वाटत होतं तुम्हाला, जिंकू असं?"

कोच खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर रिकामं मैदान होतं.

"तू जाऊ नयेस असं वाटत होतं," ते म्हणाले.

समितीने डावललं त्याचा राग रूबेनला त्या क्षणी उरलाच नाही. समितीने पोरांना ओळखलं नव्हतं, इतकंच. हा माणूस त्यांना रोज पहाटे पळवत होता, एकेकाच्या गुडघ्याची दुखणी जाणत होता, आणि याचाच त्यांच्यावर भरवसा नव्हता. केसाने गळा कापतात तो असा, खांद्यावर हात ठेवून.

तो बाहेर आला तर सगळी फळी पाट्यांच्या भिंतीपाशी उभी होती. सवयीने कोणाचा तरी हात कॅल्डरच्या पाटीकडे उठला आणि तसाच खाली आला.

"मी तुझ्या शब्दावर राहिलो," अबेल म्हणाला. "कोचच्या नाही."

"माहितीय."

"माहितीय म्हणे. तुला तरी ठाऊक होतं का?"

"नाही."

अबेलने बॅग खांद्यावर टाकली. "ते मला कसं कळणार, सांग," म्हणाला आणि निघून गेला. वर्षभर खांद्याला खांदा लावून खेळलेल्या माणसाचं हे वाक्य रूबेनच्या काळजात रुतलं. शब्द दुसऱ्याचा होता, पण अबेलपर्यंत पोचवला त्याने होता.

त्याने पाटी खिळ्यावरून काढली आणि आईच्या गाडीत नेऊन ठेवली. लोइस न खाल्लेल्या रोलच्या पराती मागच्या सीटवर रचत होती. तिने पाटी बघितली आणि तिच्यासाठी जागा केली. घरी पोचल्यावर तिने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि कॅल्डरचं नाव पुसून टाकलं.

"आता यावर कोणाचं घालू?" तिने विचारलं.

रूबेनने सांगितलं. तिचा कुंचला जरा थबकला, मग चालायला लागला.

निवड न झालेल्यांची समजूत घालायला महिनाअखेर सामने असतात, तसा एक हार्मनच्या वाट्याला आला. त्याची पाटी लागली, आणि तिच्या शेजारी, कॅल्डरच्या जुन्या खिळ्यावर, लोइसच्या ठसठशीत अक्षरात दुसरी: ओस्ट्रँडर. सरावासाठी मैदानाकडे जाताना कोचचा हात सवयीने उठला. त्यांनी नाव वाचलं, हात खिशात घातला, आणि पाटी काढा असं ते कोणालाच म्हणाले नाहीत. मागून आलेल्या पोरांनीही तिच्यावर थाप मारली नाही. अबेल रूबेनपाशी आला, पाटीकडे बघितलं आणि हेल्मेट चढवलं.

तो सामनाही ते जिंकले. गावी परतल्यावर रूबेनने त्या प्रतिस्पर्ध्याची पाटी उलटी केली. शेजारच्या पाटीपाशी तो थोडा वेळ थांबला.

"हीसुद्धा करून टाक ना," मागून कोणीतरी म्हणालं.

"ज्याला हरवलं त्याचीच पाटी उलटी करतात," रूबेन म्हणाला, आणि ती तशीच सोडून तो घरी गेला.