तळहातांनी ऐकणाऱ्या ताईचं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी टेबल आहे. माझ्यावर कुणी अभ्यास केला नाही की जेवलं नाही. माझ्यावर सिनेमा जुळवला जायचा. चित्रित केलेले तुकडे निवडून जोडायचं काम ताईचं. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

ताई स्पीकर माझ्या पाठीवर पालथा घाली आणि शेजारी दोन्ही तळहात टेकी. आवाज माझ्या फळ्यांतून तिच्या हातांत जाई. पाऊल कुठे पडलं, दार कुठे आपटलं, तिला बरोबर कळे. दिग्दर्शक म्हणजे तिचा धाकटा भाऊच. तो म्हणे, "ताई, जरा हळू लाव. माझे दात वाजताहेत."

त्याचे ओठ वाचून ती म्हणे, "मग तोंड मिट की. तेवढंच माझं काम होईल."

भावाच्या नव्या सिनेमात तिने आवाज पडद्यावर लिहून दाखवले. तळाशी कोरडी ओळ नव्हे. दार आपटलं की दारावरच 'धाड' उमटे आणि थरथरे. आईची हाक अंगणभर पसरत पुसट होत जाई. भाऊ बघतच राहिला. "हे मला सात जन्मांत सुचलं नसतं," म्हणाला. ओल नसताना माझं लाकूड फुगलं.

मग निर्माता आला. "अक्षरं काढा. पडदा स्वच्छ दिसला पाहिजे. बहिऱ्यांसाठी हवा तर एखादा सकाळचा खेळ ठेवू."

भावाने ताईकडे पाठ केली, म्हणजे तिला ओठ दिसायला नकोत. माझ्यावर कोपर टेकून तो पुटपुटला, "तिला मी समजावतो. माझ्या शब्दाबाहेर नाही ती."

त्याच्या आवाजाची थरथर तिच्या तळहातांत पोचली, शब्द पोचले नाहीत. शब्द मला ठाऊक होते. पण मला तोंड कुठलं?

निर्माता गेल्यावर भावाने तिला अक्षरं काढायला सांगितलं. ताईने अक्षरं काढली. एकूण एक. भावाने सिनेमा लावला, तर सिनेमाचं नाव नाही, निर्मात्याचं नाही, त्याचं स्वतःचंही नाही.

"ताई, माझं नाव कुठंय?"

"पडदा स्वच्छ हवा होता ना."

तो हसला नाही. माझ्यावरचा संगणक उचलून सिनेमा जुळवणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे घेऊन गेला. नावं परत आली, आवाजांची अक्षरं नाहीत. नावांतही तिचं तेवढं आलं नाही.

सिनेमा गाजला. आवाजाच्या वापराबद्दल बक्षीस मिळालं म्हणे. भावाने मला घासूनपुसून वर जाड काच बसवली, पाहुण्यांच्या खोलीत ठेवलं. ताई एकदा येऊन काचेवर हात ठेवून उभी राहिली. हाताला कसलीच थरथर लागली नाही. गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी निगा राखायला सांगायची असते. माझी राखू नका, चालेल. पण कुणाचं काम आवडलं तर ते जागच्या जागी, नावासकट राहू द्या. नुसती शाबासकी देऊन मोकळे होऊ नका. शाबासकी काय, मलाही मिळते. कप ठेवता ठेवता पाहुणे म्हणतात, काय सुंदर टेबल आहे.