केशोरीच्या खिडकीवरून

मी पासबुक छापणारा प्रिंटर. सध्या अर्जुनीच्या शाखेत असतो, पण माझी उमेदीची वर्षे केशोरीत गेली.

२००४ साली एका सहकारी बँकेच्या त्या छोट्या शाखेत मला आणले. त्याआधी नोंदी हाताने होत. पासबुक ठेवून जायचे, आठवड्याने न्यायचे. सुशिलाबाईंचे पासबुक त्यांचा मुलगा लोकेंद्र परस्पर नेई आणि आईला सांगे, "आहेत थोडेसे." त्यांना वाचता येत नव्हते.

मी आलो आणि त्या स्वतःच खिडकीवर येऊ लागल्या. मी टर्रकन ओळ छापायचो, कारकून बिसराम ती मोठ्याने वाचायचा.

"पुना वाच ना गा."

तो पुन्हा वाचायचा. हळूहळू सगळ्यांनाच ती सवय लागली.

काही वर्षांनी मुख्य कार्यालयाला प्रश्न पडला : यंत्रांवर एवढा खर्च केला, कामाचा वेग वाढला किती? मोजायला हेमेंद्र साहेब येणार होते. वेग कमी भरला, तर यंत्र दुसऱ्या शाखेत.

बिसराम धास्तावला. "मशीन बसून दिसली तं उचलून नेतीन," म्हणत त्याने गावभर निरोप धाडले. अख्खी केशोरी पासबुके घेऊन हजर झाली. रांग रस्त्यावर गेली. माझे डोके तापले, कागद अडकू लागला.

हेमेंद्र साहेब घड्याळ धरून उभे. "मशीन तो झट से छापती है, मंग लाइन काऊन सरकून नाही राहिली?"

खिडकीवर सुशिलाबाई होत्या. "पुना वाच, बिसराम."

"बाई, हो गया. चला आता," साहेब म्हणाले.

"मोठा घाईचा आला! पैसे माहे आहेत का तुह्या घड्याळाचे?"

रांग हसली. साहेबही हसले, पण वेळ लिहून घेतलाच.

पुढच्या महिन्यात मला खोक्यात बांधले. सुशिलाबाई दारात उभ्या होत्या.

"आता माहं पासबुक कोठी छापाचं?"

"अर्जुनीले," बिसराम खाली बघत म्हणाला.

"तेवढ्या दूर मले कोण नेईन?"

बिसरामने माझ्या खोक्याची दोरी आवळली.

इथे माझा वेग उत्तम भरतो. लोक पासबुक घेतात आणि निघतात. परवा एक ओळखीचे पासबुक तोंडात आले, कोपऱ्याला हळदीचा डाग असलेले. मी छापले आणि बिसरामच्या आवाजाची वाट पाहिली. लोकेंद्रने ते न उघडता खिशात घातले.

घरी आईने विचारले, तर तो काय सांगेल ते मला ठाऊक आहे.

साहेब, तुम्ही वेग जरूर मोजा. पण एकदा केशोरीला जाऊन सुशिलाबाईंना विचारा, खात्यात किती आहेत.