विटांची घंटा

गवंडीबुवांच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. एका खेपेत दोन नातवंडं मिळालेला माणूस महिनाभर तरी जमिनीवर नसतो. बुवांना मात्र त्याच महिन्यात आणखी सव्वीस नातवंडं गळ्यात पडली, आणि तीही नववीतली.

बुवा राहत ती गल्ली कारागिरांची. सुतार, लोहार, लेथवाला, छापखानावाला, सगळे ओळीने. गल्लीच्या पाठीला एक खाजगी हायस्कूल, आणि दोन्हींच्या मधे दीड पुरुष उंचीची विटांची भिंत. ती बुवांनीच ऐन विशीत बांधलेली. 'पोरांची नजर गल्लीकडे जाता कामा नये,' असं तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, म्हणून शेवटचे तीन थर मुद्दाम वाढवलेले.

आता त्याच शाळेच्या गणिताच्या बाई बुवांच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"बुवा, त्या भिंतीला दार पाडायचंय."

"छान! मीच बांधायची आणि मीच फोडायची?"

"तुम्ही नाही. फोडतील माझी मुलं, वरची कमानही तीच बांधतील. तुम्ही फक्त शिकवायचं. दर शनिवारी."

बाईंच्या मनात होतं ते असं: मुलांनी शनिवारी दप्तर घरी ठेवून गल्लीत यावं, कारागिरांच्या हाताखाली काम करावं, आणि वर्गात वहीत काढलेलं वर्तुळ इथे विटेत बघावं. त्यासाठी दार हवं. बुवा हसले, पण आतून आजीबाई ओरडल्या, "हो म्हणा की! आयुष्यभर माझ्यावर ओरडलात, आता सव्वीस जणांवर ओरडा. माझ्या कानांना सुट्टी."

आधी सरावाची छोटी कमान घ्यायची ठरली, मैदानाच्या कोपऱ्यात. पहिल्याच शनिवारी बुवांनी एक वीट पाण्याच्या टाकीत सोडली. बुडबुडे वर येऊ लागले.

"वीट पाणी पिते. पोट भरलं की बुडबुडे थांबतात. तेव्हाच बाहेर काढायची. तहानलेली वीट लावलीत तर ती मालातलं पाणी पिऊन टाकते, आणि सांध्यात उरते नुसती माती."

सगळ्यात पुढे एक काटकुळी मुलगी उभी होती. तिला सगळी शाळा प्रश्नपत्रिका म्हणायची, कारण तिचं तोंड उघडलं की प्रश्नच बाहेर पडायचा.

"आजोबा, किती मिनिटं पिते?"

"वीट घड्याळ बघत नाही, पोरी."

पण पोरं पडली शाळेतली. त्यांनी पहिल्या विटेची वेळ लावली, वीस मिनिटं भरली, आणि वहीत लिहून टाकलं. पुढच्या शनिवारी बुवा लेकीकडे गेले होते. मुलांनी नव्या गाडीतल्या विटा टाकीत सोडल्या. बारा मिनिटं झाली आणि तास संपल्याची घंटा वाजली. तास संपला म्हणजे काम संपलं! सव्वीस जणांनी बुडबुडे सोडणाऱ्या विटा बाहेर काढल्या आणि कमान लावून मोकळे झाले.

चार दिवसांनी खालचा लाकडी साचा काढला, तर कमान पत्त्यांच्या घरासारखी खाली आली. कुणाला लागलं नाही, पण पालक समितीवरचे इंजिनिअरसाहेब नेमके तिथेच उभे होते.

बुवांनी पडलेला सांधा चिमटीत धरला. माल भुरभुर उडाला. "कुणी घंटा वाजवली या विटांची?" त्यांनी विचारलं. मुलांनी शाळेच्या घंटेकडे बोट दाखवलं.

इंजिनिअरसाहेबांनी मात्र मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बुवा आणि बाईंसमोरच अट घातली. दाराची कमान बांधायची तर बांधा, पण खालचा साचा कायमचा राहू द्या. नाहीतर हे शनिवारचं खूळ आजच बंद करा.

"साचा आत ठेवून कमान?" बुवा म्हणाले. "म्हणजे म्हाताऱ्याला काठ्या लावून उभं करायचं आणि म्हणायचं, बघा कसा चालतो! साचा निघेल. सगळ्यांसमोर निघेल. पडली तर शनिवार बंद करा, मीही पुन्हा थापी धरणार नाही."

"बुवा, असं बोलू नका," बाई पुटपुटल्या. पण शब्द सुटला होता. मुख्याध्यापकांनी तो वहीत लिहूनही घेतला.

मुलांनी भिंत फोडली, दोन्ही बाजू ओळंब्यात घेतल्या, वर सुताराने साचा बसवला. विटा भिजायला टाकल्या त्या दिवशी घंटा वाजली. सगळे वर्गाकडे पळाले, प्रश्नपत्रिका टाकीच्या कडेला बसून राहिली. मुख्याध्यापक स्वतः आले.

"ऐकू येत नाही का? घंटा झाली."

"शाळेची झाली, सर. विटांची अजून व्हायचीय."

मुख्याध्यापकांनी टाकीत डोकावून पाहिलं. बुडबुडे येत होते. ते शेजारी उभे राहिले. शेवटचा बुडबुडा फुटला तेव्हा त्यांनीच बाह्या सरसावून पहिली वीट बाहेर काढली, आणि कोट भिजला म्हणून दिवसभर चिडले.

दोन्ही अंगांनी बारा-बारा विटा चढल्या. उरली मधली पंचविसावी. गवंडी तिला चावी म्हणतात, कारण तीच दोन्ही बाजू एकमेकींत अडकवते. ती प्रश्नपत्रिकेने बसवली. बुवांनी वरून थापीने दोन ठोके दिले आणि म्हणाले, "आता तीन आठवडे हिला कुणी काही विचारायचं नाही. तूसुद्धा!"

बुवांच्या घराण्यात एक रीत होती. साचा काढताना चावी बसवणारा कमानीखाली उभा राहतो. आपल्या कामावर आपलाच भरवसा नसेल तर दुसऱ्याने त्याखालून का जावं? हे कळल्यावर प्रश्नपत्रिका तीन आठवड्यांनी, साचा काढायच्या दिवशी, सरळ आत जाऊन उभी राहिली.

"बाहेर ये," बुवा म्हणाले.

"चावी मी बसवलीय, आजोबा."

"आणि तुला मी बसवलंय. तुझ्या जागी मी उभा राहणार. तू पाचरी काढ."

साचा चार पाचरींवर टेकलेला होता. त्या निघाल्या की साचा दोन बोटं खाली येणार आणि कमान एकटी पडणार. बुवांनी पोरीच्या हातात लाकडी मोगरी दिली. भिंतीपलीकडे सगळी गल्ली, अलीकडे सगळी शाळा. आजीबाई एका हाती एक नात, दुसऱ्या हाती दुसरी घेऊन उभ्या.

"डोक्यावर काही तरी घ्या की!" त्या ओरडल्या.

"डोक्यावर पंचवीस विटा घेतल्यात, अजून काय घेऊ?"

पोरीने चावीच्या समोरून आडवा दोरा ताणून त्याच्या रेषेत चावीवर आधीच खूण केली होती. कमान आगकाडीच्या जाडीइतकी खाली आली तर ती बसते, त्याहून जास्त आली तर पडते, हे बुवांनी सांगितलं होतं. तिने पहिली पाचर ठोकली. दुसरी. तिसरी निघेना, तेव्हा तिने मोगरी खाली ठेवून हात पुसले आणि पुन्हा उचलली. तिसरी निघाली. बुवांनी वर पाहिलंही नाही, ते पोरीकडे पाहत होते.

चौथी निघाली. साचा दाणकन खाली बसला आणि वरून एक आवाज आला. कट्.

"गेली!" इंजिनिअरसाहेब ओरडले आणि मागे सरकले.

पोरगी शिडीवर चढली, दोरा आणि खूण यांच्यामध्ये आगकाडी धरली, डोळा लावला.

"अर्धी," ती म्हणाली. मग जोरात ओरडली, "आजोबा, अर्धीच काडी! बसली!"

साचा आणि विटा यांच्या फटीतून उजेड दिसत होता. कमान स्वतःच्या जोरावर उभी होती. सुताराने साचा ओढून बाहेर काढला, तरी बुवा तिथेच उभे. दोन्ही हात कमरेवर. मग त्यांनी इंजिनिअरसाहेबांकडे बोट केलं.

"या साहेब, ऊन लागत असेल. इथे सावली आहे."

साहेब लाजले, पण आले. खालून प्रत्येक सांधा नखाने खरवडून पाहिला, माल भुरभुरला नाही. "पडलेली कमान बघितली होती मी," ते म्हणाले, "म्हणून बोललो."

"बरं केलंत. पडली नसती तर ही पोरगी टाकीपाशी बसली नसती."

तेवढ्यात घंटा वाजली. कुणी हललं नाही. सव्वीस पोरं आरडाओरडा करत त्या दारातून गल्लीत गेली, लेथवाल्याच्या दुकानात शिरली, परत आली, पुन्हा गेली. मुख्याध्यापकांनी वहीतलं ते पान फाडून बुवांच्या हातात दिलं. बुवांनी त्याची घडी करून कानामागे खोचली, बिडी खोचावी तशी.

शनिवार चालू राहिले, आणि दाराला फळ्या कधीच लावल्या गेल्या नाहीत.

जुळ्या दुसरीत गेल्या त्या वर्षी, हिवाळ्याच्या तोंडाशी, एका बुधवारी सकाळी गवंडीबुवा वारले.