माती म्हणाली, ऊठ

स्पर्धेचं काम बघणाऱ्या रविराजने टाइप केलेला कागद मायापुढे सरकवला आणि टोपण काढून पेन त्यावर आडवं ठेवलं.

"मॅडम, फक्त सही. पाच वाजता पोस्ट टाकायचीय."

मायाने कागद वाचला. 'माझ्या गीतातील ओळीमुळे कुस्तीप्रेमींच्या भावना दुखावल्या, त्याबद्दल मी जाहीर माफी मागते. सदर ओळ वगळण्यात येत आहे.' खाली तिचं पूर्ण नाव होतं, आणि त्याखाली शाळेचा पत्ता, जिल्हा परिषद शाळा, निमोणे. पत्ता कशाला घातला, हे विचारायला तिने तोंड उघडलं, पण बाहेर घोषणा सुरू झाल्या आणि ती तशीच थांबली.

शिरूरच्या क्रीडासंकुलाच्या पायऱ्यांवर दुपारपासून पन्नास-साठ माणसं बसून होती. दौंडच्या तालमीतून दोन जीप भरून आल्या होत्या. उद्या राष्ट्रीय महिला कुस्ती स्पर्धेचं उद्घाटन. तालुक्यात एवढी मोठी स्पर्धा पहिल्यांदाच होत होती. स्वागतगीत मायाने लिहिलं होतं, चाल तिचीच, आवाज तिच्या शाळेतल्या मुलींचे. चार दिवसांपूर्वी ते मोबाइलवर आलं तेव्हा लोकांनी वाहवा केली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी एक ओळ धरली.

'पाठ लागली मातीला गं, माती म्हणाली, ऊठ.'

कुस्तीत पाठ लागली की खेळ खल्लास. पैलवान माणूस ती गोष्ट मरेपर्यंत तोंडी आणत नाही. आणि देशभरातून पोरी येणार, त्यांच्या स्वागताला हरल्याचं गाणं? अपशकुनी गाणं, रडगाणं, म्हणत लोक तुटून पडले. संध्याकाळपर्यंत गाणं बाजूला राहिलं आणि गाणंवालीचं आडनाव पुढे आलं. एकाने लिहिलं होतं, 'ह्यांच्या घरात कधी लंगोट वाळत पडलाय का?' मायाने ते तीनदा वाचलं होतं. उत्तर तिला ठाऊक होतं, पण तिने लिहिलं नाही.

दार ढकलून रोहिदास वस्तादांनी आत डोकं घातलं. दौंडची तालीम त्यांची.

"रविराज, झालं का न्हाई? उद्या माझी एक पोरगी संचलनाला उभी ऱ्हायाची न्हाई, सांगून ठिवतो."

त्यांनी मायाकडे पाहिलंसुद्धा नाही. दार आपटलं.

"मॅडम, ऐका," रविराज खालच्या आवाजात म्हणाला. "आज इथं आलेत. उद्या शाळेवर येतील. पोरांसमोर तमाशा नको."

मायाने पेन उचललं, टोपण लावलं आणि कागदाच्या बाजूला ठेवलं.

"ओळ नको असेल तर अख्खं गाणं काढा. माझं नावही काढा. पण मी चुकले, असं लिहून देणार नाही."

"हट्ट करू नका."

"करतेय."

तेवढ्यात रविराजचे वडील, हौसराव आत आले. ते स्पर्धेचे अध्यक्ष. सत्तरीचं वय, खांदे अजून रुंद, कुस्तीने चुरगाळलेले कान. त्यांनी मुलाला मानेनेच बाहेर जायला सांगितलं आणि स्वतः कडी लावली. माया उभी राहिली.

"बसा," ते म्हणाले. स्वतः मात्र उभेच राहिले. "ही ओळ तुम्हाला कुणी दिली?"

"कुणी नाही आप्पा. माझीच आहे."

"ज्ञानदेवानं न्हाई?"

दादांचं, तिच्या वडिलांचं, नाव त्यांच्या तोंडून ऐकून ती खाली बसली.

"दादांनी गाणं परवाच ऐकलं, मोबाइलवर. पण ओळ त्यांच्यावरच आहे."

हौसरावांनी टेबलाची कड धरली.

"म्हंजी निमोण्याच्या जत्रंतली कुस्ती."

"हो. तुमच्याशी झालेली."

"काय सांगितलंय त्यानं?"

आवाज चढला नव्हता, तरी तो प्रश्न धमकीसारखा आला. मायाने दोन्ही हात मांडीवर दाबून धरले.

"हेच, की हरले. तुम्ही डाव टाकला, त्यांची पाठ लागली, पंचांनी तुमचा हात वर केला. लहानपणी आम्हाला कुणी वाटेल ते बोललं, आम्ही रडत घरी आलो, की दादा हीच गोष्ट सांगायचे. पाठ लागली तेव्हा माती गार लागली, उठूच वाटेना. मग मातीच म्हणाली, ऊठ की लेका. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा आखाड्यात गेलो." ती थांबली. "ती गोष्ट चूक, असं मी कशी लिहून देऊ?"

हौसराव टेबलावरून पुढे वाकले.

"पाठ त्याची लागली, आसं सांगितलं?"

"हो. तुमचं नाव कधी वाईट नाही घेतलं. हौसराव चोख पैलवान, म्हणतात."

त्यांनी हाताने चाचपून खुर्ची ओढली आणि बसले. बाहेर कुणीतरी मायाच्या नावाने ओरडलं, दोघाचौघांनी साथ दिली. हौसरावांना ते ऐकू आलं नसावं. पेनाशी बोटांनी चाळा करत ते म्हणाले,

"पंच माझा चुलता व्हता."

मायाला आधी त्यातलं काही कळलं नाही. मग कळलं. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तर ते खिडकीकडे बघत होते.

त्यांनी माफीचा कागद घेतला, चार घड्या करून खिशात घातला आणि कडी काढली.

"ओळ ऱ्हाईल," पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी सांगितलं.

गलका झाला. रोहिदास वस्ताद पुढे आले. "आप्पा, हरल्याचं गाणं लावून पोरी लढवायच्या?"

"पाठ लागल्यावर कसं वाटतं, मला इचार. सांगतो."

"तुमची कवा लागली?" मागून कुणीतरी हसत म्हणालं.

"निमोण्याच्या जत्रंत."

हसणारा मागे सरकला. त्या जत्रेत जिंकल्यावर बांधलेल्या फेट्यातला फोटो हौसरावांच्या ओसरीवर होता, तो न पाहिलेला माणूस त्या घोळक्यात नव्हता.

"आप्पा," रविराज जवळ येऊन पुटपुटला, "ती कुस्ती तर तुम्ही मारली होती."

"मी व्हतो तिथं. तू न्हाईस."

ते उतरून गाडीकडे गेले. दौंडच्या जीप तासाभराने निघाल्या. वस्ताद पोरी आणणार की नाही, ते सांगून गेले नाहीत. मायाचा मोबाइल एसटीत बसल्यावरही थरथरत होता. न्हावऱ्याच्या पुढे तिने तो बंद करून टाकला.

निमोण्यात ती पोचली तेव्हा ज्ञानदेव गोठ्यापुढे बसून म्हशीसाठी उसाचं वाढं तोडत होता. तिने पर्स काढलीसुद्धा नाही.

"दादा, त्या दिवशी पाठ कुणाची लागली?"

"निकाल लागला व्हता की."

"निकाल नाही विचारला."

कोयता थांबला.

"हौसराव बोलला काय?"

"सगळ्यांसमोर. पाठ माझी लागली, म्हणाले."

मायाची आई चांगुणा पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. म्हशीने मान पुढे करून एक वाढं ओढून घेतलं.

"मग आम्हाला का असं सांगितलंत?" मायाने पर्स खाली टाकली.

"जिंकलो म्हनून सांगितलं आसतं, तर तुमी भांडत बसला आसता जल्मभर. हारलो म्हनल्यावर उठून शाळंत गेला."

माया ओट्यावर बसली. रागवावं की काय करावं, तिला समजेना.

"दुसऱ्या दिवशी पहाटे आखाड्यात गेला होतात, ते तरी खरं?"

ज्ञानदेवने मान हलवली.

"न्हाई. परत कवाच न्हाई. बगायला बी न्हाई."

त्याने उरलेलं वाढं म्हशीपुढे सारलं, कोयता छपराच्या वाशात खोचला आणि हात झटकले. दारातल्या बायकोकडे एकदा पाहिलं.

"सकाळची शिरूर गाडी किती वाजता आसती गं?"