भिंगवाल्याचे स्पॅनिश

पक्षाघातानंतर भिंगवाल्याने, म्हणजे चष्म्यांच्या दुकानदाराने, उच्चारलेले पहिले पूर्ण वाक्य स्पॅनिशमध्ये होते. स्वतःच्या भाषेत तो 'हो', 'नको' आणि अर्ध्यावर सुटलेला एखादा शब्द यांपलीकडे गेलेला नव्हता.

त्याला स्पॅनिश येत होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. लेकीच्या सासरी सगळे ती भाषा बोलत. "व्याह्यांशी भांडायचं तर मध्ये दुभाषा कशाला?" असे म्हणून आजारापूर्वी त्याने संध्याकाळच्या वर्गात नाव घातले, आणि एकट्याने जायची लाज वाटते म्हणून मित्रालाही ओढले. हा मित्र पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होता. कोणी काहीही सांगितले की "कशावरून?" असे विचारण्याच्या खोडीमुळे दोन्ही घरांत त्याला शंकासूर म्हणत.

वर्ग भूतकाळापर्यंत पोचला आणि भिंगवाला आजारी पडला. तेव्हा चालू असलेल्या धड्याचा विषय होता मित्राला दिलेला आधार. 'आपोयार' म्हणजे पाठीशी उभे राहणे, 'एस्कुचार' म्हणजे ऐकून घेणे, 'आकोम्पान्यार' म्हणजे सोबत करणे. हे शब्द वापरून कोणी कोणासाठी काय केले ते सांगायचे. भिंगवाला इस्पितळातून घरी आल्यावर शंकासूर कामावरून परस्पर त्याच्याकडे जाऊ लागला आणि तेच पुस्तक नेऊ लागला. आजारी माणसाशी काय बोलावे हे त्याला कधीच कळले नव्हते. पुस्तकात प्रश्न तयार होते.

एका संध्याकाळी त्याने असाच एक प्रश्न वाचला: मित्राने तुझ्यासाठी काय केले? बराच वेळ गेला. शंकासूर पान उलटण्याच्या बेतात असताना उत्तर आले.

"मि आमिगो... मे एस्कुचो."

माझ्या मित्राने माझे ऐकून घेतले.

वहिनी, म्हणजे भिंगवाल्याची बायको, ओल्या हातांनी धावत बाहेर आल्या. भिंगवाल्याची थोरली बहीण, आक्का, भावाच्या सेवेसाठी तिथेच राहायला आली होती. तिला आनंद झाला नाही.

"आईच्या भाषेत पाणी मागता येईना, आणि हे काय पोपटासारखं? ती परकी भाषा डोक्यात ठाण मांडून बसलीय. आपलीला जागाच उरली नाही. उद्यापासून ते पुस्तक आणू नकोस."

"कशावरून, आक्का?"

"झालं सुरू! माझ्या भावाच्या जिवावर बेतलंय, आता तरी तुझं 'कशावरून' आवर."

आक्काच्या भीतीला आधार होता. वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंनी सांगून ठेवले होते, की पुढच्या भेटीपर्यंत स्वतःच्या भाषेत एकही वाक्य आले नाही, तर बोलण्याचा नाद सोडून चित्रांचा फलक द्यायचा. ताटावर बोट ठेवले की जेवण, नळावर ठेवले की पाणी.

"भाऊजी, दुकानात हे गिऱ्हाइकांना दटावायचे, बोट दाखवू नका, अक्षर वाचून सांगा म्हणून," वहिनी म्हणाल्या. "आणि आता त्यांनाच..."

"बोटावर आणायचं," आक्काने वाक्य पुरे केले.

शंकासुराची पहिली शंका पाठांतराची होती. आक्काचा पोपट सर्वस्वी अशक्य नव्हता. म्हणून त्याने पुस्तक मिटले आणि पुस्तकात नसलेला प्रश्न जुळवला: काल तुला कोणी सोबत केली? पुन्हा तसाच वेळ गेला, आणि उत्तर आले की माझ्या बहिणीने सोबत केली. पोपटाला हे जमले नसते. मग त्याने उपचारांच्या बाईंना फोन केला. दोन भाषांपैकी नंतर शिकलेली आधी परत आल्याची उदाहरणे आहेत, त्या म्हणाल्या, पण कारण दर वेळी सापडतेच असे नाही. हे उत्तर त्याला प्रामाणिक वाटले, आणि निरुपयोगी.

प्रयोगशाळेत एखादा नमुना संशयास्पद निघाला की तो आधी पाण्याला दोष देत नसे. बाटली कोणी धरली, कशी भरली, याची चौकशी करी. त्याच रीतीने तो एके दिवशी पुस्तकाशिवाय आला आणि जेवणाच्या वेळी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसला.

"मला..." भिंगवाला म्हणाला.

"पाणी ना? घ्या," वहिनी म्हणाल्या.

"ती खि..."

"लावते रे खिडकी," आक्का उठली. "वारा झोंबतोय मेला."

"बा... बाई..."

"बाई परवा यायच्यात. तू घास घे."

अंदाज बहुधा बरोबर असत. दर वेळी भिंगवाल्याचे तोंड मिटे आणि नजर ताटात जाई. तो लहानपणापासून सावकाश बोलणारा. "हा गाडी सुरू करून देतो, मुक्कामाला आम्ही नेतो," हा आक्काचा जुना विनोद होता, आणि त्यात भिंगवालाही हसत आला होता.

दुसऱ्या दिवशी शंकासुराने दोघींना पलंगासमोर बसवले. "मी हात खाली घेईपर्यंत कोणी बोलायचं नाही. शब्द ओठांवर आला तरी गिळायचा."

"आता आम्हालाही मुकं करतोस का?" आक्का म्हणाली. पण बसली.

त्याने हात वर केला आणि घरच्याच भाषेत विचारले, "काल दुपारी इथं काय झालं?"

"काल..."

आक्काचे ओठ हलले. वहिनींनी तिचे मनगट धरले. मोरीत नळ ठिबकत होता. रस्त्यावरून एक जड गाडी गेली, तिच्यामुळे तावदाने थरथरली आणि थांबली. भिंगवाल्याच्या कपाळावर घाम आला. डोळे मिटून तो कशाच्या तरी मागे लागला होता, आणि ते पाहणे तिघांनाही कठीण जात होते. शंकासुराचा हात अवघडला. त्याने तो दुसऱ्या हाताने पेलून धरला.

"काल... आक्का... रडली."

हे वाक्य त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीही पुरे करू शकले नसते. आक्काने ते 'जेवण झालं' असे पुरे केले असते.

"मला वाटलं झोपलाय," ती म्हणाली. मग तिने विचारले, "म्हणजे आम्हीच त्याचं तोंड बंद केलं?"

"तुम्ही मदत केलीत, आक्का. ती फक्त त्याच्या आधी पोचत होती."

"तू बरा थांबलास मग."

"मी कुठला थांबतोय? मला ते शब्द पटकन सुचतच नव्हते."

आणि कारण इतकेच होते. स्पॅनिशमध्ये कोणताही गुण नव्हता. त्या भाषेत भिंगवाल्याचे वाक्य पुरे करू शकेल असे घरात कोणी नव्हते, शंकासूरही नाही. ते अर्ध्यावर अडले की अडूनच राही, आणि उरलेले त्याला स्वतः शोधावे लागे. घरच्या भाषेत ते दर वेळी कोणीतरी मायेने पुरे करत होते.