बिननावाची होडी

हर्णे बंदरात होडीवर नाव रंगवावं ते आनंदा पेंटरनंच. चाळीस वर्षांत त्याच्या हातचं नाव पडल्याशिवाय एक होडी पाण्यात गेली नव्हती. त्याचा एकुलता एक रघू मात्र मुंबईला चित्रकला शिकत होता. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात तो घरी आला आणि पंधरा दिवस पडवीत बसून एकच चित्र रंगवत राहिला. ते प्रदर्शनात लागायचं होतं.

"ह्ये काय काडलंस?"

"हा मी आहे, बाबा."

आनंदानं निरखून पाहिलं. चित्रात माणूसच नव्हता. वाळूवर एक रिकामी होडी होती, आणि तिचं तोंड दर्याकडे नव्हतं, एका भिंतीकडे होतं. जाळ्याच्या जागी वळकटी.

"वल्ही कुटं हायत तुजी?"

"नाहीत."

"मग कटीण हाय तुजं."

दोघेही हसले. रघूची आई मैना गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांत, त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चित्र बांधायला पुठ्ठे हवे होते म्हणून रघू दापोलीला गेला. संध्याकाळच्या एस्टीनं त्याला मुंबईला निघायचं होतं. आनंदा एकटाच चित्रासमोर बसला. होडी मोठी सुरेख उतरली होती, फळीन् फळी ओळखीची. फक्त नाव राहिलं होतं. पोरगं घाईत विसरलं असणार. त्यानं आपला बारीक ब्रश काढला, श्वास धरला आणि पांढऱ्या रंगात नाव घातलं, मैना. इतकं वळणदार नाव त्याच्या हातून उभ्या जन्मात उतरलं नव्हतं.

रघू आला आणि काखेतले पुठ्ठे त्यानं चित्रासमोरच खाली ठेवले.

"बाबा, तिकडं मी हर्णेवाला, इथं मुंबईवाला. होडीला नाव नव्हतं, तेच तर चित्र होतं."

"तुज्या आयशीचं हाय रे."

"कळलं मला."

तो ओरडला असता तर आनंदाला बरं वाटलं असतं. रघूनं टर्पेंटाइनमध्ये चिंधी भिजवली, पण त्याचा हात पुढे जाईना.

"हिकडं दे," आनंदा म्हणाला. "आयशीचं नाव पोरानं पुसू नये."

त्यानंच पुसलं. नावाबरोबर खालचा निळा रंगही निघाला आणि कोरं कापड उघडं पडलं. रघू म्हणाला, "राहू दे तसंच."

एस्टी गेल्यावर आनंदा घरी आला. चिंधी पडवीतच पडली होती. ती धुवायला त्यानं पाण्यापर्यंत नेली आणि तशीच परत आणली.